एमएसडब्ल्यू झालं, आता पुढं काय? मराठवाड्यात कम्युनिटी डेव्हलपमेंटची नोकरी शोधणाऱ्यांसाठी

जून-जुलै लागला की माझ्या फोनवर एकसारखेच मेसेज यायला लागतात. ताई, एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स डिग्री) झालंय, कम्युनिटी डेव्हलपमेंट घेतलं होतं, कुठं व्हॅकन्सी असली तर सांगा ना. कुणी माझ्याच कॉलेजचं जुनियर असतं, कुणी मामाच्या गावचं, कुणाला नंबर कुणी दिला तेही कळत नाही. दरवेळी अर्धा-अर्धा तास फोनवर बोलण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी केज तालुक्यातली, घरात एवढं शिकलेली पहिलीच, आणि डिग्री झाल्यावर पहिले आठ महिने बीड, अंबाजोगाई, लातूर असं बायोडेटा वाटत फिरले. आईनं बचत गटातून उचललेले पैसे एसटीच्या भाड्यातच गेले. तेव्हा कुणीतरी बसवून सांगायला पाहिजे होतं असं जे जे वाटतं ते खाली आहे.

१. आधी हे डोक्यात बसवा : आपल्याकडं पोस्ट नसते, प्रोजेक्ट असतो

बीएडवाल्याला शाळा दिसते, नर्सिंगवालीला दवाखाना दिसतो. आपल्याला गाव दिसतं, पण गावात आपल्या नावाची खुर्ची कुठंच नसते. वकिलांना बार कौन्सिल आहे, नर्सेसना नर्सिंग कौन्सिल आहे, तशी गावात सामुदायिक विकासाचं काम करणाऱ्याला सनद देणारी कौन्सिल आपल्या देशात नाही. त्यामुळं 'समुदाय समन्वयक' अशी जाहिरात निघाली की एमएसडब्ल्यूच्या बरोबरीनं एमए समाजशास्त्र, एमबीए, बीएस्सी ॲग्री सगळेच अर्ज करतात, आणि पाणलोटाचा प्रोजेक्ट असला तर ॲग्रीवाला आपल्या पुढंच उभा असतो. नुसत्या डिग्रीच्या नावावर जागा मिळंल ही आशा पहिल्याच दिवशी सोडा, म्हणजे पुढची तयारी सुचते.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि कॉलेजात दोन वर्षात ही कुणीच नीट शिकवत नाही. आपल्या प्रत्येक पगारामागं कुणाचातरी फंड असतो आणि त्या फंडाला शेवटची तारीख असते. सीएसआरचंच, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचंच घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणं ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात. आणि एखादं काम चालू प्रकल्प म्हणून दाखवलं तर सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालवता येतं. सीएसआरच्या जाहिरातीत 'तीन वर्षांचा प्रकल्प' का लिहिलेलं असतं ते आता कळलं असंल. केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजनेतही कंपनीच्या सीईओचा पगार धरून व्यवस्थापन खर्चाला मदत तीन वर्षंच मिळते, त्यानंतर कंपनीनं स्वतःच्या धंद्यातून पगार काढायचा.

परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांचं वेगळंच. २०२० ला एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात बदल झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं परदेशी निधी घेऊन दुसऱ्या संस्थेला देणं बंदच झालं. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यात चालणारी, मोठ्या संस्थेकडून थोडा निधी घेऊन तीन-चार कार्यकर्ते सांभाळणारी जी संस्था असायची, तिचा तो रस्ता बंद झाला. आपल्या पोरापोरींची पहिली नोकरी नेमकी अशाच संस्थेत लागायची.

म्हणून जाहिरात बघितली की तीन प्रश्न वहीत लिहायचे : पैसा कुणाचा, काम कधी सुरू झालं, कधी संपणार. ह्याची उत्तरं काढल्याशिवाय अर्जसुद्धा करू नका असं मी म्हणते.

२. आपली माणसं लागतात कुठं

आमच्या बॅचचं बघून आणि नंतरच्या पोरांचं बघून सांगते. सगळ्यात जास्त जण सरकारी पण कंत्राटी कामात आहेत. त्यात पहिलं नाव उमेदचं, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११ पासून आहे, जिल्हा आणि तालुका पातळीवर अभियान कक्ष आणि खाली प्रभाग समन्वयक. बचत गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ ही भाषा ज्याला येते त्याला इथं जागा आहे. पोकरा हा जागतिक बँकेचा शेतीचा प्रकल्प २०१८ ला सुरू झाला, पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे होते आणि त्यात मराठवाड्याचे आठही. अशा शेती प्रकल्पांच्या जाहिराती नीट वाचा, काही पदांना शेतीचीच पदवी लागते आणि काहींना आपली चालते.

एमएसडब्ल्यू हा शब्द जिथं खरंच कामाला येतो ती जागा म्हणजे महिला व बालविकास. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते, सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाचार सोसलेल्या बायकांसाठीचं मदत केंद्र), कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. बालविवाहाचं प्रमाण आपल्याकडं किती आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, काम भरपूर आहे आणि जीव लावून करणाऱ्यांची गरज आहे. आरोग्यात आयसीटीसीचे (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राचे) समुपदेशक, आणि मेडिकल कॉलेजात समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. ही पदं कम्युनिटी डेव्हलपमेंटवाले सोडून देतात, आमचं स्पेशलायझेशन नाही म्हणून. जाहिरातीत फक्त एमएसडब्ल्यू लिहिलेलं असलं तर भरा. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत लेबर वेल्फेअर ऑफिसर असतात (२०२५ पर्यंत कारखाने कायदा १९४८ प्रमाणं ५०० किंवा जास्त कामगार असले की ठेवावाच लागायचा), पण तिथं एचआरवाल्यांचा जोर असतो.

संस्थांचं म्हणाल तर मराठवाड्यात त्या कुठं दाट आहेत ते बघा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला आणि औसा, उमरगा, लोहारा ह्या पट्ट्यात पुनर्वसनासाठी संस्था आल्या. स्वयम शिक्षण प्रयोगचं बायकांसोबतचं काम तिथूनच वाढलं, आजही लातूर-धाराशिवमध्ये आहे. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आरोग्यात, अंबाजोगाईला मानवलोक १९८२ पासून, नांदेडकडं सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळ. पाण्यावर काम करायचं असलं तर वॉटर (डब्ल्यूओटीआर) आणि बायफ ह्या मोठ्या संस्थांच्या जाहिराती बघत रहा. हिंगोली-परभणीकडं संस्था विरळ आहेत, तिथल्या पोरांनी सरकारी प्रकल्पांवर जास्त लक्ष ठेवावं.

फेलोशिपचा रस्ता मला स्वतःला फार आवडतो पण घरचे घाबरतात. एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची आहे, साधी पदवीही चालते. घरी 'ही नोकरी नाही' म्हणतील, पण अशा फेलोशिपनंतर बायोडेटा जड होतो हे मी माझ्या दोन मैत्रिणींचं बघितलंय. आणि शिकवायची आवड असली तर कॉलेजात शिकवायला लागणारी नेट किंवा सेट परीक्षा लवकर काढून टाका. सुरुवातीला तासिका तत्त्वावरच घेतात, तासाप्रमाणं पैसे, सुट्ट्यांत काहीच नाही, ते मनाशी धरूनच जा.

३. कागदपत्रं, एका फाईलीत, आजच

जाहिरात आणि शेवटची तारीख ह्यात कधी कधी सातच दिवस असतात. तेवढ्यात तहसीलला चकरा मारून दाखला निघत नाही.

- दहावीपासून एमएसडब्ल्यूपर्यंत सगळ्या सेमिस्टरची मार्कशीट, आणि पदवी प्रमाणपत्र. मार्कशीट म्हणजे पदवी प्रमाणपत्र नव्हं! पदवीदान समारंभाची वाट बघत बसू नका, तोपर्यंत विद्यापीठातून प्रोव्हिजनल काढून ठेवा.
- टीसी, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असंल तर नॉन क्रिमिलेअर. नॉन क्रिमिलेअरची मुदत संपलेली असती आणि मुलाखतीच्या टेबलावर कळतं, हे लई जणांचं झालंय.
- एमएससीआयटी. कंत्राटी सरकारी जाहिरातीत हमखास मागतात.
- आधार, पॅन, बँक पासबुक, आणि ह्या सगळ्यावर नाव एकसारखं. लग्न झालेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला जोडा.
- दुचाकीचं लायसन. मुलींनो, हे मी मुद्दाम सांगते. लर्निंग नाही, पक्कं लायसन. मला एका ठिकाणी सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारलं, गाडी येते का, आणि मी नाही म्हणल्यावर समोरच्या सरांनी फाईल बंद केली. वाडी-तांड्यावर एसटी दिवसातून एकदा जाते, कधी जातच नाही, त्यांचंही बरोबर होतं. त्याच महिन्यात चुलतभावाची स्कुटी घेऊन शेतातल्या रस्त्यावर शिकले.
- सगळ्याची पीडीएफ, प्रत्येक फाईल छोट्या साईजची, मोबाईलमध्ये आणि ईमेलवर दोन्हीकडं.

४. फिल्डवर्कचा बायोडेटा करा

दोन वर्षं आठवड्यातून दोन दिवस आपण फिल्डवर्कला जातो, ग्रामीण शिबिर करतो, ब्लॉक प्लेसमेंट (एकाच संस्थेत सलग राहून काम) करतो, आणि बायोडेटात लिहितो काय? 'फिल्डवर्कचा अनुभव'. संपलं! शिवाय छंद, वाचन आणि गाणी ऐकणे. मी पण असंच लिहिलेलं.

जर्नल उघडा आणि त्यातून काम शोधा. किती गावांत गेला, कोणती, सहभागी ग्रामीण मूल्यांकनातलं काय काय केलं. शिवारफेरी केली का, गावाचा नकाशा लोकांकडून जमिनीवर रांगोळीनं काढून घेतला का, हंगामी कॅलेंडर केलं का. बचत गटाच्या किती मिटिंगा बघितल्या, कुणाचं हजेरी पुस्तक, कर्जाचं रजिस्टर स्वतः लिहून दिलं का. कुणाला निराधारचा, घरकुलाचा, जॉबकार्डाचा अर्ज भरून दिला आणि तो मंजूर झाला का. गाव, महिना, काम आणि आकडा असं एका ओळीत लिहा. खोटं एक अक्षर लिहू नका कारण समोर बसलेला माणूस त्याच गावात वीस वर्षं फिरलेला असू शकतो.

अजून कॉलेजात असाल तर ब्लॉक प्लेसमेंटची संस्था स्वतः हट्टानं निवडा. कॉलेजजवळची, सोयीची, सही लवकर मिळणारी संस्था सगळेच घेतात. तुम्हाला जिथं नोकरी करायची वाटते तिथं महिनाभर राहून काम करा, पुढच्या भरतीत त्यांना तुमचं नाव आठवतं. माझ्या ओळखीत ज्यांना डिग्रीनंतर लगेच काम लागलं त्यातले बरेच जण असेच लागलेत.

५. एक तरी हातचं काम पक्कं पाहिजे

गावात बसून बोलता येतं हे सगळेच सांगतात. त्यापुढं काय येतं? एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, कोबो टूलबॉक्सवर सर्व्हेचा फॉर्म बनवणं आणि मोबाईलवर भरून घेणं, युनिकोड मराठी टायपिंग, आणि दोन पानांचा महिन्याचा रिपोर्ट. हे चारही फुकटात शिकता येतं. कोबो तर एका दुपारी शिकून होतं, आपल्याच गल्लीतल्या वीस घरांचा पाण्याचा सर्व्हे करून बघा आणि तो मुलाखतीला दाखवा. इंग्रजीची भीती मला पण होती, अजून थोडी आहे, पण रिपोर्टची इंग्रजी ठरलेली असते, जुने चार रिपोर्ट वाचले की जमायला लागतं.

६. जागा बघायच्या कुठं आणि कधी

डेव्हनेट जॉब्स इंडिया, एनजीओ बॉक्स, लिंक्डइन ह्या तीन ठिकाणी अलर्ट लावा. जिल्हा परिषद आणि जिल्ह्याच्या सरकारी वेबसाईटचं भरतीचं पान आठवड्यातून एकदा उघडा. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक बऱ्याच जिल्ह्यांत असतात, त्यांच्या ऑफिसात जाऊन जिल्ह्यात कोणत्या संस्थेला वाडीचा (फळबागेचा) किंवा पाणलोटाचा प्रकल्प मिळालाय एवढं नम्रपणे विचारा. मंजुरी मिळाली की दोन-तीन महिन्यांत माणसं घेतातच, जाहिरात निघायच्या आधी तुमचा बायोडेटा त्यांच्या टेबलावर पाहिजे.

एप्रिल ते जुलै हा काळ चांगला, नवीन आर्थिक वर्षाचं बजेट आलेलं असतं. जानेवारी ते मार्च लोक जुना खर्च मिटवायच्या गडबडीत असतात. तेव्हा सर्व्हेची तात्पुरती कामं निघतात, पंधरा दिवस-महिनाभराची, ती पण घ्या, ओळखी होतात.

इथं एक फसवणूक सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी अडकतं. 'राष्ट्रीय ग्रामीण' असं काहीतरी नाव, अशोकस्तंभासारखा लोगो, हजारो जागा, आणि अर्जासोबत किंवा निवड झाल्यावर ट्रेनिंगचे, किटचे, डिपॉझिटचे पैसे एखाद्या माणसाच्या खात्यावर. परीक्षा फी सरकारी भरतीतही असते, पण ती जाहिरातीत छापलेली असते. निवड झाल्यावर पैसे मागितले की तिथंच थांबा. मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात ठेवून घेतो म्हणणाऱ्यालाही नाहीच म्हणा, बघून परत द्या म्हणा.

७. मुलाखत

इथं पुस्तकातल्या व्याख्या कमी विचारतात. मला आणि माझ्या ओळखीच्यांना आलेले प्रश्न : ग्रामसभेचा कोरम किती? (एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी असंल तो.) ग्रामसभेच्या आधी कोणती सभा घ्यायची असते? (महिलांची.) बचत गटाची पंचसूत्री सांगा. (नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. उमेदनं पुढं त्याची दशसूत्री केली, तीही पाठ करून जा.) बंधित आणि अबंधित निधी म्हणजे काय? (ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा तो बंधित, गावाच्या गरजेप्रमाणं खर्चायचा तो अबंधित.)

आणि एक प्रश्न हमखास : गावात पहिल्या दिवशी काय कराल? सगळे म्हणतात, सरपंचाला भेटू, मिटिंग घेऊ. मला वाटतं खरं उत्तर गावाप्रमाणं बदलतं. बीडच्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार ह्या भागात दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. डिसेंबरात तिथं बेसलाईन सर्व्हेला (प्रकल्पाच्या सुरुवातीच्या पाहणीला) गेलात तर घराघरात म्हातारी माणसं आणि लेकरं भेटतील, ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोयता चालवत असतील. 'मी आधी विचारीन गाव घरी कधी असतं' असं एका मुलीनं सांगितलं आणि तिला तिथंच घेतलं. ऊसतोडवाल्याचीच पोरगी ती. तुमच्या घरचं असं जे काही आहे ना, दुष्काळ, स्थलांतर, टँकरची रांग, ते लपवू नका. शहरातून आलेल्या उमेदवाराला ते शिकायला वर्षं लागतात.

८. ऑफर आली, सही करायच्या आधी

आनंदात सही करू नका, एक दिवस मागून घ्या. हे विचारा : महिन्याचा हातात पडणारा आकडा किती, प्रवासाचं पेट्रोल त्यातच आहे का वेगळं? पीएफ आहे का? २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो, पण कित्येक ठिकाणी पगाराला 'मानधन' म्हणतात आणि तो विषयच काढत नाहीत. करार ११ महिन्यांचा असला तर नूतनीकरण कशावर ठरतं? गावात मुक्काम करायचा का, मुलींची राहायची सोय काय, अंधार पडल्यावर परत यायची जबाबदारी कुणाची? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती आहे का? हे विचारल्यावर ज्या संस्थेचा माणूस चिडतो तिथं मी तर जाणार नाही.

पेट्रोलचं मनावर घ्या. माझा पहिला पगार ११ हजार होता, बारा गावं, आणि प्रवासखर्च त्यातच. महिना संपला की हातात काय उरायचं ते मी घरी सांगतच नव्हते.

९. काम सुरू झाल्यावर

एकच सांगते. टार्गेटच्या दबावात रूमवर बसून फॉर्म भरू नका. सुरुवातीला कुणीतरी सिनियर सांगंल, दहा घरं फिर आणि बाकीचे अंदाजानं टाक, सगळे असंच करायलेत. त्या फॉर्मवरून ठरतं कुणाच्या शेतात शेततळं येणार आणि कुणाची विधवा सून यादीतून बाहेर राहणार. पन्नास फॉर्म जमले नाहीत तर पस्तीसच झाले असं लिहून द्या.

१०. प्रोजेक्ट संपायच्या सहा महिने आधी

माझा पहिला प्रकल्प मार्चमध्ये संपला. संपणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी आम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत काहीतरी होईल म्हणत बसलो. शेवटच्या दोन महिन्यांचं मानधन आलंच नाही आणि अनुभव प्रमाणपत्र 'नंतर घेऊन जा' म्हणाले. पुढच्या वर्षी एका कंत्राटी सरकारी जाहिरातीत तीन वर्षांचा अनुभव मागितला, माझ्याकडं होता, पण कागद नव्हता. त्या ऑफिसला गेले तर तिथं मोबाईलचं दुकान होतं. जागा गेली.

त्यामुळं शेवटचं सहामाही लागलं की दर महिन्याची पगार स्लिप किंवा बँकेची एंट्री, नियुक्तीपत्र, प्रत्येक नूतनीकरणाचं पत्र गोळा करा. पीएफ कापत असतील तर पासबुकात दर महिन्याची रक्कम खरंच जमा होतीय का ते ऑनलाईन बघा. आणि अनुभव प्रमाणपत्र ऑफिस चालू असतानाच, हातात. संस्थेच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासकट, जावक क्रमांक आणि तारीख, तुमचं पदनाम जाहिरातीत असतं तसंच, रुजू झाल्याची आणि सोडल्याची पूर्ण तारीख, कामाची दोन ओळीत माहिती, खाली सही आणि गोल शिक्का. मजकूर तुम्हीच टाईप करून न्या, म्हणजे सरांना फक्त सही करायची राहते, आणि दोन मूळ प्रती घ्या.